किडनीची रचना आणि काम: बेळगाव-खानापूर-निपाणीकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरात मराठी, दवाखान्यात कन्नड आणि रिपोर्टवर इंग्रजी असा कारभार असतो. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे वर्ग सुटल्यावर हातात कागद घेऊन पालक थांबलेले असतात. आकडा जास्त आहे की कमी, एवढंच बहुतेकांना विचारायचं असतं. पण किडनी आत काय करते हे एकदा कळलं की तो आकडा, ती गोळी आणि ते पथ्य यांचा संबंध लागतो. म्हणून इथे आधी रचना, मग काम आणि मग रिपोर्ट असा क्रम ठेवलाय. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. माणसाला न तपासता गोळी सांगू नये.

कंबर दुखतेय, म्हणजे किडनीच असेल काय?

बहुतेक वेळा नाही. भाताची लावणी, उसाची तोडणी, दिवसभर गाडी चालवणं, यातून दुखते ती पाठीच्या स्नायूंची आणि मणक्यांची जागा. वाकलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. किडनी त्याच्या वर असते: पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला. उजवीकडे वर यकृत असल्यामुळे उजवी किडनी डावीपेक्षा थोडी खाली असते. प्रत्येकीची लांबी १० ते १२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढी, आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास.

किडनीच्या मांसाला दुखणं कळत नाही. तिच्यावरचं आवरण ताणलं गेलं किंवा मूत्रवाहिनीत खडा अडकला, तरच दुखतं. खड्याची कळ कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरते, लाटेसारखी येते-जाते, आणि माणूस कुठल्याच कुशीवर स्वस्थ पडू शकत नाही. कुशीत दुखतंय आणि सोबत हुडहुडी भरून ताप आहे, तर जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण साखरेने किंवा बीपीने हळूहळू खराब होणारी किडनी वर्षानुवर्षं अजिबात दुखत नाही. माझ्याकडे रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण म्हणतात, "मला तर काहीच त्रास नाही ओ." त्यांचं खरंच असतं, आणि म्हणूनच मला काळजी वाटते.

किडनी कापून पाहिली तर आत काय दिसतं?

हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा हातात घेऊन फार चांगलं कळतं. मटणाच्या दुकानातून बकऱ्याची किडनी आणायची, चरबीसकट. आधी चरबी सोडवून घ्यायची. शरीरात हीच चरबी किडनीला जागेवर धरून ठेवते आणि धक्क्यापासून वाचवते. मग वरचं पातळ, पारदर्शक आवरण नखाने उचललं की सुटं होऊन येतं. एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट. त्या खोलगट जागी तीन तोंडं शोधायची: शुद्ध रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणारी शीर आणि लघवी खाली नेणारी मूत्रवाहिनी. धमनीची भिंत जाड आणि टणक लागते, शिरेची पातळ आणि लोळागोळा झालेली.

आता फुगीर बाजूने धारदार पात्याने उभी चिरायची. बाहेरच्या कडेला तांबूस तपकिरी, जरा दाणेदार पट्टा दिसतो, तो कॉर्टेक्स. आतला भाग गडद, आणि त्यात मध्याकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, तो मेड्युला. त्या रेषा म्हणजे शेजारी शेजारी उतरणाऱ्या असंख्य नळ्या. सगळ्यांत आत पांढरट, गुळगुळीत पोकळी असते. तिथे लघवी गोळा होते आणि मूत्रवाहिनीत उतरते.

एक फरक मुलांना मी आवर्जून सांगतो. बकऱ्याच्या मेड्युलाची टोकं एकत्र येऊन एकच कडा बनलेली असते. माणसाच्या किडनीत मात्र मेड्युलाचे ८ ते १८ वेगवेगळे पिरॅमिड असतात आणि प्रत्येकाचं टोक स्वतंत्र वाटीत उघडतं. गाय-म्हशीची किडनी तर बाहेरूनच गाठीगाठींची असते. काम तिन्हीकडे एकच.

नेफ्रॉन म्हणजे काय?

किडनीचं काम करणारा सर्वांत लहान घटक. एका किडनीत सरासरी १० लाख नेफ्रॉन असतात, पण माणसामाणसात यात बराच फरक असतो. मूल पोटात असताना, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, सगळे नेफ्रॉन तयार होतात. त्यानंतर आयुष्यात एकही नवा तयार होत नाही. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला मुळातच नेफ्रॉन कमी मिळतात. गरोदर बाईच्या खाण्यापिण्याकडे आणि तपासण्यांकडे लक्ष द्यायचं हेही एक कारण आहे, आणि ते आपल्याकडे कुणी बोलून दाखवत नाही.

प्रत्येक नेफ्रॉनचे दोन भाग. पहिला, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. मार्सेलो माल्पिगीने १६६६ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याभोवतीच्या पेल्यासारख्या संपुटाचा आणि रक्तवाहिन्यांचा नेमका संबंध विल्यम बोमनने १८४२ मध्ये दाखवला. दुसरा भाग म्हणजे त्या संपुटातून निघणारी लांब, वळणावळणाची नळी.

गुच्छात रक्त एका बारीक धमनीतून येतं आणि दुसऱ्या बारीक धमनीतूनच बाहेर पडतं. शरीरात इतरत्र अशा जाळ्यानंतर शीर लागते, इथे पुन्हा धमनी लागते. त्यामुळे येणारी बाजू सैल करून आणि जाणारी आवळून किडनीला आतला दाब हवा तसा राखता येतो. या दोन तोंडांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे बीपीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांपाशी ती लागणार आहे. गुच्छाच्या भिंतीतून पाणी, मीठ, साखर आणि युरिया हे अंगातलं टाकाऊ द्रव्य सहज पलीकडे जातात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं अलीकडेच राहतात.

दिवसाला १८० लिटर गाळलं जातं म्हणे. मग लघवी दीड लिटरच कशी?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण किडनीची खरी करामत गाळण्यात नाही, परत घेण्यात आहे.

हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं लिटरभराहून अधिक एकट्या दोन किडन्यांकडे जातं. मेंदूच्या वाट्यालाही एवढं येत नाही. त्यातून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर पाणी गाळून नळ्यांत उतरतं, दिवसाचे झाले १८० लिटर. अंगात रक्तद्रव असतो ३ लिटरच्या आसपास, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

दिवाळीच्या आधी आपण घरातलं सगळं सामान अंगणात काढतो आणि लागणारं तेवढंच पुसून परत आत नेतो. किडनी तेच करते, रोज, अखंड. यात शहाणपण आहे. कुठलं विष, कुठल्या औषधाचा उरलेला अंश रक्तात आलाय हे तिला एकेक करून ओळखावं लागत नाही. जे ओळखीचं आणि उपयोगाचं, ते ती परत घेते. जे परत घेतलं नाही, ते बाहेर.

नळीच्या पहिल्या वळणदार भागातच दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत रक्तात जातं. गाळलेली साखर तर जवळजवळ सगळी इथेच उचलली जाते. पण उचलण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की सगळी उचलणं जमत नाही आणि ती लघवीत उतरू लागते. सोबत पाणीही ओढून नेते. साखरेच्या रोग्याला तहान आणि लघवी दोन्ही जास्त का, याचं उत्तर या एवढ्याशा नळीत आहे.

पुढे नळी मेड्युलात खोल उतरते आणि वळण घेऊन परत वर येते. फ्रीडरिश हेन्लेच्या नावावरून याला हेन्लेचं वळण म्हणतात. उतरणाऱ्या भागातून पाणी बाहेर झिरपतं, मीठ नाही. चढणारा भाग मीठ बाहेर टाकतो, पण पाणी सोडत नाही. या उलटसुलट व्यवहारामुळे मेड्युलाचा आतला भाग रक्ताच्या चौपटीपर्यंत खारट होतो. हा खारटपणा कशाला? शेवटची गोळा करणारी नळी याच खारट भागातून खाली जाते. अंगात पाणी कमी असेल तर मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी एडीएच हे संप्रेरक सोडते, नळीच्या भिंतीतली पाण्याची दारं उघडतात आणि पाणी खारट बाजूकडे ओढलं जाऊन रक्तात परत जातं. ही दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर एगर यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सकाळची पहिली लघवी गडद पिवळी का, हे आता कळेल: रात्रभर पाणी नाही, दारं उघडी, पाणी परत. दारू प्यायल्यावर लघवी जास्त का होते? दारू एडीएच दाबते, दारं मिटतात. आणि कितीही पाणी वाचवायचं म्हटलं तरी रोजची घाण बाहेर टाकायला किमान अर्धा लिटर लघवी लागतेच.

या खारट मेड्युलाला रक्त मात्र बेताचंच मिळतं. प्राणवायूच्या काठावर जगणारा हा भाग आहे. जुलाब, रक्तस्राव, उन्हाचा तडाखा, कशानेही किडनीचा रक्तपुरवठा घटला की आधी फटका बसतो तो इथे.

लघवी करण्यापलीकडे किडनी काय करते?

पुष्कळ काही, आणि किडनीच्या रोग्याच्या गोळ्यांची यादी लांब असते ती यामुळेच.

रक्त तयार करण्याचा हुकूम किडनीतून निघतो. प्राणवायू कमी पडतोय असं जाणवलं की ती एरिथ्रोपोएटिन सोडते आणि हाडांतला मगज तांबड्या पेशी वाढवतो. किडनी खराब झाली की हा हुकूमच कमी निघतो. बाई फिकट दिसते, पाण्याची कळशी उचलून दोन पायऱ्या चढली की धाप लागते. घरचे बीट, खजूर, लोहाच्या गोळ्या देत राहतात आणि हिमोग्लोबिन हलत नाही. अशा वेळी क्रिएटिनीन, म्हणजे किडनी किती गाळते हे सांगणारी रक्ताची तपासणी, केली का, हे जरूर विचारा. यावर एरिथ्रोपोएटिनचंच इंजेक्शन मिळतं.

हाडांचंही तसंच. उन्हातून त्वचेत बनलेलं ड जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग किडनीत बदललं गेल्यावरच पूर्ण कामाचं होतं. दिवसभर शेतात उन्हात राबणाऱ्या माणसालाही किडनी गेल्यावर ड जीवनसत्त्वाची तयार गोळी लागते ती यामुळे.

रक्तातलं आम्ल बाहेर टाकणं हेही तिचंच काम. आणि पोटॅशियम. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो, अचानक थांबूही शकतो. किडनीच्या सगळ्या धोक्यांत हा धोका सर्वांत गुपचूप येतो.

बीपीमुळे किडनी जाते की किडनीमुळे बीपी वाढतो?

दोन्ही. गुच्छाजवळच्या पेशी रक्ताचा दाब आणि मिठाचं प्रमाण सतत अजमावत असतात. दाब कमी वाटला की रेनिन सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन बनतं, रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरोन मीठ धरून ठेवतं आणि बीपी वर येतो. किडनी आजारी पडली की ही साखळी विनाकारण चालू राहते. वाढलेला बीपी मग उरलेल्या गुच्छांना झिजवतो. तरुण वयात बीपी निघाला तर लघवी आणि किडनीची तपासणी हवीच.

साखर आहे. किडनी नेमकी कशी बिघडते?

सुरुवातीला किडनी जरुरीपेक्षा जास्त गाळते. त्या काळात क्रिएटिनीन छान दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण गुच्छातला दाब वाढलेला असतो, भिंत जाड होते, तरी गळकी होते आणि अल्ब्युमिन झिरपू लागतं. पुढे गुच्छ निबर होऊन बंद पडतात, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तेही त्याच वाटेने जातात.

इथे ती दोन तोंडं आठवा. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या गुच्छातून बाहेर पडणारं तोंड सैल करतात. आतला दाब उतरतो, अल्ब्युमिन कमी होतं. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडं वाढलेलं दिसू शकतं, ते पाहून परस्पर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या नळीच्या पहिल्या भागात साखर परत उचलू देत नाहीत. लघवीत साखर मुद्दाम जाऊ देतात आणि गुच्छावरचा ताणही कमी करतात. आता कुंदा आणि करदंट या आपल्याकडच्या मिठायांबद्दल: सणाला एक तुकडा खाल्ल्याने किडनी जात नाही. रोजची साखर दोनशे-तीनशेवर वर्षानुवर्षं राहिल्याने जाते.

"क्रिएटिनीन १.८ आलंय, म्हणजे काय ओ?"

क्रिएटिनीन हे स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारं टाकाऊ द्रव्य. किडनी ते गाळून टाकते. रक्तात साठू लागलं म्हणजे गाळणं कमी झालं. पण स्नायू जास्त तर क्रिएटिनीन मुळातच जास्त. तालमीत घुमणारा ३० वर्षांचा पैलवान आणि ७० वर्षांची आजी, दोघांचंही क्रिएटिनीन १.४ आलं, तर सूत्राने पैलवानाची गाळण्याची क्षमता ७० च्या आसपास निघते आणि आजीची ४० च्या आसपास. पैलवानाची प्रत्यक्षात त्याहून चांगलीही असेल, कारण त्याचे स्नायू सरासरीपेक्षा जास्त. म्हणून नुसतं क्रिएटिनीन बघू नका, त्याखाली छापलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, बघा. छापला नसेल तर काढून मागा. वय, लिंग आणि क्रिएटिनीन एवढ्यावरून तो निघतो.

ईजीएफआर ९० च्या वर चांगला. ६० ते ८९ मध्ये, लघवीत किंवा सोनोग्राफीत दोष नसेल तर, त्याला सहसा रोग म्हणत नाहीत. ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर तो जुनाट किडनी विकार. ३० च्या खाली गेला की किडनीतज्ज्ञांच्या हाताखालीच असायला हवं, आणि १५ च्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. क्रिएटिनीन ०.८ चं १.६ झालं म्हणजे गाळण्याची क्षमता जवळजवळ निम्मी गेली. तेच ४ चं ५ झालं तर त्यामानाने फार थोडी गेली, कारण जायला फारसं उरलेलंच नव्हतं. लोक ५ ला घाबरतात आणि १.६ ला "थोडंसंच वाढलंय की" म्हणतात. वेळ असतो तो १.६ च्या टप्प्यावर. जुने रिपोर्ट टाकून देऊ नका. एका आकड्यापेक्षा तीन वर्षांच्या आकड्यांची चाल जास्त सांगते.

लघवीच्या तपासणीत काय बघायचं?

अल्ब्युमिन. युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो नावाची तपासणी मागा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर गळती मोठी. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची जबर मेहनत असेल तर आकडा उगाच वाढतो, तेव्हा पुन्हा करून खात्री करायची. क्रिएटिनीन बिघडायच्या कितीतरी आधी ही तपासणी बोलते. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ न विरणं हीसुद्धा एक खूण, पण फेस नाही म्हणून गळती नाही असं मात्र नाही.

"पाणी लई प्यालं तर किडनी साफ होतंय काय?"

चांगली किडनी स्वतःच साफ असते. जास्त पाण्याने लघवी पातळ होते, एवढंच. खडे होणाऱ्यांनी मात्र दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावंच. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणून दूध बंद करू नका: जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि खडे कमी करतं. मीठ कमी करा, लिंबू चांगलं. बोअरच्या कडक पाण्याला गावोगाव दोष दिला जातो, पण कमी पाणी पिणं हे त्याहून मोठं कारण.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की चिकोडी, अथणी, रायबागकडे ऊसतोड टोळ्या उतरतात. निकारागुआ आणि एल साल्वाडोरमध्ये उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांत, साखरेचा आजार नसताना, बीपी नसताना, किडनी निकामी होण्याचं प्रमाण मोठं आढळलं. ऊन, कष्ट आणि पाण्याची कमतरता यांचा त्यात हात असल्याचं मानलं जातं. फडावर सावली आणि पिण्याचं पाणी पुरवणं ही मुकादमाची मेहरबानी नव्हे, ती मजुराची गरज आहे. बायकांनी आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणं हेही थांबायला हवं, आणि त्याची जबाबदारी बायकांवर टाकू नये.

हृदय कमजोर असलेले, अंगावर सूज असलेले आणि डायलिसिसवरचे रोगी यांनी पाणी मोजूनच प्यायचं.

दुखण्याची गोळी किडनीला इतकी वाईट का?

गुच्छात रक्त आणणारं तोंड प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याने सैल राहतं. अंगात पाणी कमी पडलं की किडनी याच्याच आधाराने तग धरते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, अ‍ॅसेक्लोफिनॅक या गोळ्या तेच द्रव्य बनू देत नाहीत. तोंड आवळतं, गाळणं घटतं. निरोगी माणसाने दातदुखीला दोन दिवस घेतली तर सहसा काही होत नाही. पण गुडघेदुखीची आजी मेडिकलमधून पट्टीच्या पट्टी नेते, तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळीही असते, आणि त्यातच जुलाब लागतात. आत येणारं तोंड आवळलेलं, बाहेर जाणारं सैल आणि मुळात पाणीच कमी. दोन दिवसांत क्रिएटिनीन तिप्पट होऊ शकतं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर या गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा. दुखण्यासाठी प्रमाणात पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीने बरं.

बाजारात विना चिठ्ठी, विना लेबल मिळणारी सांधेदुखीची चूर्णं आणि भस्मंही घेऊ नका. त्यांत शिसं, पारा किंवा याच गोळ्यांची पूड मिसळलेली सापडलेली आहे.

घोणस चावल्यावर डॉक्टर लघवी का मोजतात?

घोणसीचं विष रक्ताची गोठण्याची यंत्रणा बिघडवतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, बीपी पडतो, नळ्यांनाही थेट इजा होते, आणि किडनी अचानक बंद पडू शकते. चावलेली जागा बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता थेट जिथे सर्पविषावरची लस आहे त्या सरकारी दवाखान्यात न्या. लस जितकी लवकर, तितकी किडनी वाचण्याची आशा जास्त. चावल्यानंतर लघवी कमी झाली किंवा तांबडी आली तर लगेच सांगा. काही दिवस डायलिसिस लागलं तरी घाबरू नका: अशी अचानक बंद पडलेली किडनी बऱ्याच जणांची पुन्हा चालू होते.

पुराच्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिसही किडनीवर असाच घाला घालतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या होत्या. अशा चिखलपाण्यात उतरल्यानंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

डायलिसिस म्हणजे नेमकं काय करतात?

रक्त बाहेर काढून बारीक पडद्याच्या एका बाजूने फिरवतात, दुसऱ्या बाजूने स्वच्छ द्रावण. युरिया, पोटॅशियम, जादा पाणी पलीकडे जातं आणि रक्त परत अंगात. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ मध्ये उपचाराला खरोखर उपयोगी पडेल असं पहिलं यंत्र माणसावर वापरलं. सहसा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.

यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्यावर अलगद बोट ठेवलं तर आत सतत थरथर लागते. ती थरथर रोज तपासायची, थांबली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. त्या हाताचा बीपी घेऊ द्यायचा नाही, त्यात सुई टोचू द्यायची नाही, तो हात उशाला घेऊन झोपायचं नाही. डायलिसिस रक्त साफ करतं, पण एरिथ्रोपोएटिन आणि ड जीवनसत्त्व बनवत नाही, म्हणून इंजेक्शन-गोळ्या चालूच राहतात. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरिबांना सरकारी दवाखान्यात मोफत सोय आहे. बेळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या तालुका दवाखान्यात बीपीएल कार्ड घेऊन चौकशी करा.

एका किडनीवर माणूस जगतो काय?

जगतो, नीट जगतो. हजार-दोन हजारांत एखादं मूल एकाच किडनीनिशी जन्मतं, आणि कित्येकांना ते सोनोग्राफी होईपर्यंत ठाऊकही नसतं. उरलेली किडनी आकाराने वाढते आणि काम उचलते. म्हणूनच जिवंत माणसाला किडनी देता येते. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जुळ्या भावांत झालं. भारतात १९७१ मध्ये वेल्लोरला. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला बसवतात.

कायदा १९९४ चा. आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातलग धरले जातात. आपल्याकडे बहीण कोल्हापूरला दिलेली आणि भाऊ बेळगावात, असं घरोघरी असतं. दाता आणि रोगी दोन राज्यांतले असले तर कागदपत्रांना वेळ लागू शकतो, तेव्हा दवाखान्यातल्या प्रत्यारोपण समन्वयकांना पहिल्याच भेटीत विचारा. मृत्यूनंतर अवयवदानाची नोंदणी कर्नाटकात जीवसार्थकते या संस्थेकडे होते. घरातल्या बायकांनीच देत राहायचं आणि पुरुषांनी घेत राहायचं, हे मात्र बदलायला हवं.

किडनीच्या रोग्याने काय खायचं नाही?

सगळ्यांना एकच पथ्य नसतं. ते ईजीएफआर आणि पोटॅशियम बघून ठरतं. मीठ सगळ्यांनीच कमी करायचं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड, खारा मासा, फरसाण धरून सपाट चमचाभर. पोटॅशियम वाढलेल्यांनी शहाळं, केळी, टोमॅटोचं सार जपून. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ तर घेऊच नका, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. परसातली कमरख (स्टार फ्रूट) किडनीच्या रोग्याला विषासमान आहे: उचकी, भ्रम, झटके येऊन माणूस दगावू शकतो. डाळ पूर्ण बंद करून अंगावरचं मांस झडू देणं हेही चूकच.

तपासणी कुणी करायची आणि कधी?

साखर किंवा बीपी आहे, घरात कुणाला किडनीचा विकार होता, वारंवार खडे होतात, वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत, कधी सर्पदंशाने किडनी बंद पडली होती, अशांनी वर्षातून एकदा. गरोदरपणी बीपी वाढला होता अशा बायकांनीही, बाळ मोठं झालं तरी. तपासण्या दोनच: रक्तातलं क्रिएटिनीन ईजीएफआरसकट आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो. बीपी तिथेच मोजून घ्यायचा. उपाशीपोटी जायची गरज नाही. आदल्या रात्री भरपूर मटण झालं असेल तर मात्र क्रिएटिनीन थोडं वाढून येतं, तेव्हा एक दिवस सोडून जा.